नव्या आयक्यूएसी समन्वयकासाठी: गुणवत्तेचं काम वर्षभर कसं चालवायचं

संलग्न महाविद्यालयात आयक्यूएसीची, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, जबाबदारी बहुधा अचानक अंगावर येते. आधीचे समन्वयक निवृत्त होतात किंवा थकून पद सोडतात आणि नव्या माणसाच्या हाती कपाटाची किल्ली, एक पेन ड्राइव्ह आणि पोर्टलचा पासवर्ड पडतो. नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. "आता नॅकचं तुम्ही बघा," एवढंच कानावर येतं. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था. एका पूर्ण मूल्यांकनातून हे काम केल्यावर मला वाटतं, पहिल्याच वर्षी कामाचा क्रम कळला तर पुढची धावपळ निम्म्याने कमी होते. तो क्रम इथे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. तुम्ही काय केलंत, हे मूल्यांकनात विचारलं जातं, आणि त्याने काय बदललं, हेही विचारलं जातं. पहिल्याचे पुरावे शेवटच्या वर्षी धडपडून गोळा करता येतात. दुसऱ्याचे येत नाहीत, कारण बदल दाखवायला बदलाआधीची नोंद लागते आणि ती त्या वेळीच घ्यावी लागते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

१. आपल्या प्रकारचं मॅन्युअल मिळवा आणि सलग वाचा

नॅक ही यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, स्वायत्त संस्था. स्थापना १९९४ ची, मुख्यालय बंगळुरूला. विद्यापीठ, स्वायत्त महाविद्यालय आणि संलग्न महाविद्यालय यांची मॅन्युअल वेगवेगळी आहेत. जवळच्या स्वायत्त कॉलेजचा स्वयंमूल्यमापन अहवाल, म्हणजे एसएसआर, समोर ठेवून पुष्कळ जण कामाला लागतात आणि आपल्याला लागूच नसलेले मुद्दे भरत बसतात.

सात निकष सगळ्यांना सारखे आहेत: अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य व प्रगती, प्रशासन व नेतृत्व, संस्थात्मक मूल्ये व उत्तम उपक्रम. त्यांचं वजन मात्र बदलतं. २०१७ पासूनच्या चौकटीत एकूण १००० गुणांपैकी दुसऱ्या निकषाला संलग्न महाविद्यालयासाठी ३५० गुण आहेत, स्वायत्त महाविद्यालयासाठी ३०० आणि विद्यापीठासाठी २००. विद्यापीठात संशोधनालाच २५० आहेत. संलग्न महाविद्यालयात पायाभूत सुविधांना १०० गुण आहेत. हे आकडे प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना पहिल्याच आठवड्यात दाखवा. इमारतीच्या रंगरंगोटीवर जेवढा वेळ आणि पैसा जातो, त्याच्या काही पट लक्ष वर्गात काय चाललंय याकडे द्यायला हवं, हे त्यांना मग आकड्यांतूनच पटतं.

याच चौकटीत सुमारे ७० टक्के भाग संख्यात्मक आणि ३० टक्के वर्णनात्मक आहे. संख्यांची पडताळणी दूरवरून, कागदपत्रांवर होते. तिलाच सगळे 'डीव्हीव्ही' म्हणतात. वर्णनात्मक भाग पीअर टीम, म्हणजे कॉलेजला भेट देणारी बाहेरच्या अध्यापकांची समिती, तपासते. श्रेणींच्या सीमारेषा बारीक आहेत: चारपैकी ३.२५ ला 'ए', ३.२६ ला 'ए प्लस'. त्यामुळे एखाद्या फाइलमध्ये राहून गेलेली सहीसुद्धा महागात पडू शकते.

जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी 'मान्यताप्राप्त आहे की नाही' एवढंच सांगणारी, दोनच पर्यायांची पद्धत आणि त्यानंतर पाच पातळ्यांची परिपक्वता-आधारित पद्धत आणण्याची घोषणा केली. म्हणून कुणी पुढे पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका. नॅकच्या संकेतस्थळावरून चालू आवृत्ती उतरवा आणि तिच्या पहिल्या पानावर उतरवल्याची तारीख लिहून ठेवा. चौकट कुठलीही असली तरी खालचं काम लागतंच.

२. समिती खरोखर बसवा

आयक्यूएसीचे अध्यक्ष प्राचार्य असतात. सोबत तीन ते आठ शिक्षक, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, कार्यालयातले वरिष्ठ कर्मचारी, स्थानिक समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि उद्योग-व्यवसाय किंवा नियोक्ते यांचे प्रतिनिधी, आणि समन्वयक म्हणून तुम्ही. दर तिमाहीला किमान एक बैठक व्हायला हवी. गणपूर्ती दोन-तृतीयांशांची आहे.

कार्यालय अधीक्षकांना किंवा मुख्य लिपिकांना समितीत मान द्या. अर्धी आकडेवारी त्यांच्या टेबलावरूनच येते. ग्रंथपालांनाही घ्या, अनेक कॉलेजांत नोंदींची शिस्त सर्वांत चांगली त्यांच्याकडेच असते. बाहेरचे सदस्य निवडताना बैठकीला येतील अशीच माणसं निवडा. मोठ्या नावाचे उद्योजक कागदावर शोभतात, पण येत नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांना नोकरी देणारा लहान कारखानदार किंवा लेखापाल आला तर 'तुमच्या मुलांना ईमेलसुद्धा नीट लिहिता येत नाही' हे तोंडावर सांगतो, आणि बैठकीचं खरं काम तिथून सुरू होतं.

इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा. प्रत्येक ठरावापुढे जबाबदार व्यक्ती, मुदत आणि लागणारा खर्च हे तीन रकाने हवेतच. पुढच्या बैठकीचा पहिला विषय नेहमी मागच्या इतिवृत्तावरचा कार्यवाही अहवाल असावा. इतिवृत्त आणि कार्यवाही अहवाल दोन्ही कॉलेजच्या संकेतस्थळावर टाका.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. पैसा आणि धोरण यांचे विषय तिथे जातात. आयक्यूएसीचा ठराव या समितीच्या विषयपत्रिकेवर गेला नाही, तर तो फाइलमध्येच राहतो. म्हणून दोन्ही बैठकांचं वेळापत्रक एकत्र लावा: आधी आयक्यूएसी, मग विकास समिती.

सापळा: पाच वर्षांची इतिवृत्तं एका बैठकीत, एकाच शाईने, त्याच त्या वाक्यांत लिहिणं. तपासणाऱ्याला ते पहिल्या तीन पानांत कळतं. रविवारच्या किंवा दिवाळीच्या सुटीतल्या तारखाही अशाच उघड्या पडतात.

३. आज आपण कुठे आहोत, ते आधी मोजा

जून-जुलैमध्ये नवा आराखडा करण्याआधी मागच्या तीन वर्षांची काही आकडेवारी एका पानावर आणा: मंजूर जागा आणि झालेले प्रवेश, विषयवार निकाल, पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात न आलेले विद्यार्थी, सरासरी हजेरी, ग्रंथालयाचा प्रत्यक्ष वापर, पदवीनंतर उच्च शिक्षणाला किंवा नोकरीला गेलेले विद्यार्थी. हे पान सगळ्या विभागप्रमुखांसमोर ठेवा आणि कुठे दुखतंय ते त्यांनाच सांगू द्या.

मग वर्षासाठी तीन-चार उद्दिष्टं ठरवा, त्याहून जास्त नको. वीस उद्दिष्टांचा आराखडा दिसायला भारदस्त असतो, पण मार्चपर्यंत त्यातलं एकही पूर्ण होत नाही. उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे' हे मोजता येत नाही. 'प्रथम वर्ष वाणिज्यच्या लेखाकर्म विषयात अनुत्तीर्णांचं प्रमाण या वर्षी किमान पाच टक्के-बिंदूंनी खाली आणणे' हे मोजता येतं.

४. अभिप्रायाचं चक्र पूर्ण करा

सगळ्यात जास्त कॉलेजं इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

योजना करा, राबवा, तपासा, सुधारा हे चक्र गुणवत्तेच्या कामात जगभर वापरलं जातं. वॉल्टर शूहार्ट यांच्या विचारातून ते आलं आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी ते सर्वदूर नेलं. कॉलेजात याची पहिली दोन पावलं उत्साहाने पडतात. तिसरं अर्धवट राहतं आणि चौथं होतच नाही.

अभिप्रायाचंच बघा. विद्यार्थी, शिक्षक, नियोक्ते आणि माजी विद्यार्थी या चौघांकडून तो घ्यायचा असतो. गूगल फॉर्म जातो, पाचपैकी गुण येतात, सरासरी चारच्या वर निघते, रंगीत आलेख छापला जातो आणि विषय मिटतो. त्या सरासरीतून काहीच कळत नाही. तुम्ही असं करा:

प्रश्न कमी ठेवा आणि नेमके विचारा. 'अध्यापन कसं वाटलं?' याऐवजी 'अंतर्गत परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका तुम्हाला दाखवली गेली का?' असं विचारा.

नाव विचारू नका. नाव विचारलं की सगळे छान छान लिहितात.

संपूर्ण कॉलेजची सरासरी काढण्याआधी विभागवार आणि वर्षवार आकडे वेगळे करा. कुठल्या प्रश्नाला सर्वांत कमी गुण आहेत, तेच आधी बघा.

शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा आणि त्याची सगळी उत्तरं स्वतः वाचा. यंत्राकडून सारांश काढून घेऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या पाच मुली वेगवेगळ्या शब्दांत 'प्रयोगशाळा साडेचारला बंद होते' असं लिहीत असतील, तर त्या पाच ओळींत त्या वर्षीचं एक खरं काम आहे.

त्यातून एक-दोन गोष्टी निवडून बदला, आणि काय बदललं ते विद्यार्थ्यांना सांगा. सूचनाफलकावर साधं लिहा: 'तुम्ही सांगितलंत, प्रयोगशाळेची वेळ वाढवली.' पुढच्या वर्षी अभिप्राय मनापासून येतो, कारण आपलं कुणी ऐकतं हे मुलांना दिसलेलं असतं.

आणि शेवटचं, जे बहुतेक राहून जातं: बदल केल्यावर पुन्हा मोजा. वेळ वाढवल्यावर प्रयोगशाळेच्या नोंदवहीत सायंकाळच्या सह्या वाढल्या का? नसतील वाढल्या, तर कारण वेळेचं नव्हतं, घरी जायच्या शेवटच्या एसटीचं होतं. मग उपाय वेगळा लागेल. हा दुसरा फेरा तुमच्या कागदपत्रांत दिसला, तर गुणवत्ता सुधारणा सतत चालू आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

अभिप्रायाची फाइल पाच थरांची असू द्या: कोरी प्रश्नावली, आलेली उत्तरं, विश्लेषण, केलेली कार्यवाही आणि त्यानंतरचं पुनर्मोजमाप. बहुतेक फाइली तिसऱ्या थरावर संपतात.

५. सीओ-पीओचा हिशेब मनापासून करा

प्रत्येक विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं ते म्हणजे कोर्स आउटकम, सीओ. पूर्ण पदवीनंतर काय यायला हवं ते प्रोग्रॅम आउटकम, पीओ. दोन्ही संकेतस्थळावर असावेत, आणि ते किती साध्य झाले हे मोजलेलं असावं. हा भाग ३५० गुणांच्या दुसऱ्या निकषात येतो आणि शिक्षक सर्वांत जास्त यालाच घाबरतात.

सोप्या रीतीने सुरू करा. एका विषयाचे चार ते सहा सीओ लिहा. 'समजून घेणे', 'माहिती होणे' ही क्रियापदं टाळा, कारण समजलं की नाही हे थेट दिसत नाही. 'ताळेबंद तयार करणे', 'दोन सिद्धांतांची तुलना करणे', 'द्रावणाची संहती काढणे' हे दिसतं. मग अंतर्गत परीक्षेच्या प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या सीओचा आहे ते लिहा. उंबरठा आधीच ठरवा. समजा, ६० टक्के विद्यार्थ्यांनी त्या सीओच्या प्रश्नांत निम्मे किंवा जास्त गुण मिळवले तर पातळी १, ७० टक्क्यांनी मिळवले तर २, ८० टक्क्यांनी मिळवले तर ३.

संलग्न महाविद्यालयाची एक खरी अडचण आहे. विद्यापीठाच्या परीक्षेचे एकूण गुण मिळतात, प्रश्नवार मिळत नाहीत. त्यामुळे सीओनिहाय बारकावा अंतर्गत मूल्यमापनातूनच येतो. म्हणून अंतर्गत परीक्षा उरकण्यापुरती घेतली, तर हा सगळा हिशेब पोकळ होतो.

सापळा: सगळ्या विषयांचे सगळे सीओ पातळी ३ ला पोचलेले तक्ते. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. एखादा सीओ सरासरीने १.४ वर राहिला, त्यासाठी ज्यादा तास घेतले, प्रश्नसंच दिला आणि पुढच्या तुकडीत तो १.९ वर गेला, हे दाखवणारं एक पान अशा तक्त्यांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचं आहे. दोन वर्षं सलग उद्दिष्ट गाठलं गेलं तर उंबरठा वाढवा.

विभागातल्या ज्येष्ठ सरांना किंवा मॅडमना हे एक्सेलचं काम नकोसं वाटतं. त्यांच्यावर लादू नका. त्यांना सीओ लिहायला आणि प्रश्न जोडायला सांगा, कारण विषयाची जाण त्यांच्याकडे आहे. आकडेमोड तरुण सहकारी करतील.

६. आकड्यांचं मूळ एकच ठेवा

तुमचं कॉलेज तीच माहिती अनेक ठिकाणी भरतं: एआयएसएचई (अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण), एनआयआरएफ (संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी), विद्यापीठाचे तक्ते, शासनाचे तक्ते, एक्यूएआर (नॅकला द्यायचा वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल). वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या दिवशी भरतात. मग पूर्णवेळ शिक्षक एका ठिकाणी ३८ दिसतात आणि दुसरीकडे ४१. डीव्हीव्हीत हे पकडलं गेलं की स्पष्टीकरण द्यायला थोडकी मुदत मिळते.

फरक नेहमी खोटेपणामुळे पडत नाही. एआयएसएचई ठरावीक संदर्भ-तारखेची स्थिती मागतं, एक्यूएआर शैक्षणिक वर्षाची, आणि हिशेबपत्रकं आर्थिक वर्षाची असतात. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कुणी धरतं, कुणी धरत नाही. उपाय एकच: कार्यालयात एक मूळ तक्ता ठेवा, तो एकाच व्यक्तीच्या ताब्यात द्या, आणि प्रत्येक आकड्यासमोर 'कोणत्या तारखेचा, कोणत्या व्याख्येने' हे लिहा. कुठेही माहिती भरायची तर तिथूनच.

७. ही कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जमवा

• नियुक्तीपत्रं, मान्यतापत्रं आणि मंजूर पदांची शासकीय किंवा विद्यापीठाची पत्रं
• संलग्नतेची पत्रं, यूजीसी कायद्याच्या २(फ) व १२(ब) कलमांखालच्या मान्यतेचं पत्र
• शिक्कामोर्तब झालेल्या प्रवेश याद्या, प्रवर्गनिहाय
• विद्यापीठाचे निकाल, वर्षवार
• सनदी लेखापालाने तपासलेली हिशेबपत्रकं. त्यांत ग्रंथालय, देखभाल, सुविधा यांचे खर्च वेगळे दाखवलेले
• डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), ग्रंथालयाची दाखल नोंदवही, संगणकांची बिलं
• प्रत्येक कार्यक्रमाची सूचना, अहवाल, हजेरीपत्रक आणि जिओटॅग असलेले फोटो
• शिष्यवृत्तीची मंजुरीपत्रं
• उच्च शिक्षणाला गेलेल्यांचे प्रवेशपुरावे, नोकरी लागलेल्यांची नेमणूकपत्रं
• मार्गदर्शक-विद्यार्थी याद्या आणि त्यांच्या भेटींच्या नोंदी
• तक्रार निवारण, रॅगिंगविरोधी आणि अंतर्गत तक्रार समित्यांची इतिवृत्तं

शेवटून तिसरा मुद्दा सर्वांत अवघड, कारण विद्यार्थी निघून गेला की हाती लागत नाही. अंतिम वर्षाच्या मुलांचा वैयक्तिक ईमेल आणि घरच्यांचा फोन गुणपत्रिका वाटपाच्या वेळीच घ्या, आणि प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांना संपर्काची जबाबदारी द्या.

फोल्डरची नावं वर्ष, निकष आणि उपनिकष यांच्या क्रमांकाने ठेवा. कॉलेजच्या संस्थात्मक ड्राइव्हवर ठेवा, कुणाच्या खासगी खात्यावर नको. तुमच्यानंतर येणाऱ्या समन्वयकाला तेच उघडायचं आहे.

८. एक्यूएआर दर महिन्याला थोडा भरा

वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल शैक्षणिक वर्ष संपल्यावर ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा असतो. पुढच्या मूल्यांकन-चक्रासाठी अर्ज करताना हे अहवाल भरलेले असावे लागतात. प्रत्येक निकषाला एक प्रमुख नेमा आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तासभर सगळ्यांना एकत्र बसवा. त्या महिन्यात घडलेलं त्या दिवशीच तक्त्यात जाऊ द्या. जानेवारीतल्या कार्यशाळेचं हजेरीपत्रक नोव्हेंबरात शोधायची वेळ येऊ देऊ नका.

९. दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या

शैक्षणिक व प्रशासकीय लेखापरीक्षणासाठी दुसऱ्या कॉलेजातले दोन-तीन अनुभवी प्राध्यापक बोलवा. त्यांना सत्कार आणि भाषणं यांत अडकवू नका. विभागात बसवा, फाइली द्या, विद्यार्थ्यांशी एकट्यांना बोलू द्या. 'आम्हाला पाच उणिवा लेखी हव्यात' असं आधीच सांगा, नाहीतर शिष्टाचारापोटी कौतुकाचा अहवाल मिळतो.

उत्तम उपक्रमांबद्दल त्यांचं मत अवश्य घ्या. सातव्या निकषात दोन उत्तम उपक्रम लिहायचे असतात, आणि त्यांत यशाचा पुरावा व आलेल्या अडचणीही मागितल्या आहेत. वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिर जवळजवळ प्रत्येक कॉलेज लिहितं. तुमच्याकडे मागची सहा-सात वर्षं शांतपणे चालू असलेलं काहीतरी नक्की असतं: एखाद्या मॅडमनी पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्या मुलींसाठी सुरू केलेला इंग्रजीचा वर्ग, एखाद्या विभागाचं जवळच्या गावांतलं पाणीतपासणीचं काम. ते शोधा.

१०. अर्ज, पडताळणी, भेट आणि त्यानंतर

आधी संस्थेची माहिती देणारा प्राथमिक अर्ज, आयआयक्यूए. २०१७ च्या पद्धतीत तो स्वीकारला गेल्यावर ४५ दिवसांत एसएसआर भरायचा असतो. वरची कामं झालेली असतील तरच हे दिवस पुरतात. त्यानंतर डीव्हीव्हीचे प्रश्न येतात. त्याच दरम्यान विद्यार्थी समाधान सर्वेक्षण नॅक थेट विद्यार्थ्यांच्या ईमेलवर पाठवतं. त्यात २० वस्तुनिष्ठ आणि एक मोकळा प्रश्न असतो. महाविद्यालयासाठी विद्यार्थिसंख्येच्या १० टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी, तेवढे प्रतिसाद लागतात. यादीतले निम्मे ईमेल बंद असतील तर मोठ्या कॉलेजलाही हे जड जातं. विद्यार्थ्यांना उत्तरं पढवू नका. सर्वेक्षण कशासाठी आहे एवढं सांगा.

पीअर टीमसमोर सादरीकरण छोटं ठेवा. जे जमलं नाही ते विचारल्यास सरळ सांगा आणि त्यासाठी पुढे काय ठरवलंय ते दाखवा. समितीत अनुभवी अध्यापक असतात. सारवासारव त्यांना लगेच ओळखू येते आणि मग त्यांचा बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

निकाल लागल्यावर श्रेणीचा फलक प्रवेशद्वारावर लागतो आणि पीअर टीमचा अहवाल कपाटात जातो. तसं होऊ देऊ नका. अहवालाच्या शेवटी संस्थेची बलस्थानं, उणिवा आणि पुढच्या शिफारशी असतात. त्या शिफारशींचा तक्ता करा. एकेकीसमोर माणूस, मुदत आणि खर्च लिहा आणि नव्या चक्राच्या पहिल्या आयक्यूएसी बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला ठेवा. ती बैठक निकालानंतरच्या महिन्याभरात घ्या.